रिसेटनंतर स्विच सापडेना तेव्हा

१. रिसेटचं बटण दाबण्याआधी अपलिंकच्या केबली काढा. दोन स्विचमध्ये लॅगच्या दोन केबली असतील, तर रिसेटमध्ये लॅग पुसला जातो, केबली मात्र जागच्या जागी राहतात. झाला लूप! कित्येक छोट्या स्मार्ट स्विचवर स्पॅनिंग ट्री मुळातच बंद असतं. सगळ्या पोर्टांचे दिवे एका तालात लुकलुकायला लागतात आणि पाठोपाठ अकाउंट्समधून फोन येतो, "साहेब, टॅली उघडत नाहीये."

२. बटण नुसतं टोचून सोडलं तर पुष्कळ मॉडेल फक्त रीबूट होतात. किती सेकंद धरायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. टोचायला सिम काढायची पिन उत्तम.

३. "जुन्या आयपीला पिंग लागत नाही" ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. लागेल कसा? तो आयपी तर आपणच पुसला. आता कंपनीचा मूळ पत्ता शोधायचा. डी-लिंकच्या बऱ्याच स्मार्ट स्विचचा १०.९०.९०.९०, टीपी-लिंकच्या पुष्कळांचा १९२.१६८.०.१. नेटगियरचे बरेचसे स्मार्ट स्विच आधी डीएचसीपीकडे पत्ता मागतात, नाही मिळाला तर १९२.१६८.०.२३९ घेतात. टीपी-लिंकच्या बाबतीत एक गंमत होते: राउटरचा पत्ताही तोच असला, तर लॉगिनचं पान झोकात उघडतं, पण राउटरचं! मग माणूस तिथे पासवर्ड मारत बसतो.

४. म्हणून एक लॅपटॉप, एक केबल, वाय-फाय बंद. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपी देणारं कुणी नाही. आयपी हाताने द्या. डी-लिंकसाठी १०.९०.९०.१००, मास्क २५५.०.०.०.

५. पासवर्ड आधी खालच्या लेबलवर बघा. स्विच रॅकमध्ये घट्ट बसवला असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा.

६. सिस्को कॅटॅलिस्टला रिसेटनंतर सहसा आयपीच नसतो, ब्राउझरवर वेळ घालवू नका. कन्सोल केबल लावा, पुट्टीत स्पीड ९६००. काही कंपन्यांचा १,१५,२०० असतो. स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं आली तर स्पीड चुकलाय. काहीच आलं नाही तर केबल किंवा कॉम पोर्ट बघा. सुरुवातीच्या सेटअपच्या प्रश्नाला सरळ 'नो' म्हणायचं आणि व्हीलॅन १ ला स्वतः आयपी द्यायचा.

७. आत शिरल्यावर मॅनेजमेंट व्हीलॅन सगळ्यात शेवटी बदला, आणि त्याआधी त्या व्हीलॅनमध्ये एक पोर्ट लॅपटॉपसाठी राखून ठेवा. नाहीतर 'अप्लाय' दाबताक्षणी आपणच बाहेर.