मालाची माहिती साध्या खुणांत लिहा : मार्कडाउनची ओळख

कापडाच्या धंद्यात आता गिऱ्हाईक ठाण हाताळण्याआधी मालाची माहिती पडद्यावर वाचते. पन्हा, सूत, वजन, भाव हे सारे संकेतस्थळावर असते आणि ते संकेतस्थळ बहुधा दुसऱ्याने बनवून दिलेले असते. तिथल्या चौकटीत थेट टाइप केलेला मजकूर तिथेच अडकून पडतो. बनवणारा बदलला की शे-दोनशे जातींची माहिती पुन्हा लिहिण्याची पाळी येते. म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, मजकूर आधी आपल्या संगणकावर साध्या फाइलीत, मार्कडाउन पद्धतीने लिहावा आणि मग संकेतस्थळावर चढवावा.

ही पद्धत समजायला सोपी आहे. पूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. सुर्खी कोणती हे लेखक सांगे. ती मोठ्या अक्षरात सजवणे कातिबाचे काम. मार्कडाउनमध्येही आपण फक्त खूण करायची. अक्षर किती मोठे, कोणत्या रंगाचे, ते संकेतस्थळ ठरवते. संकेतस्थळाच्या मूळ एचटीएमएल भाषेत प्रत्येक गोष्टीसाठी आज्ञा लिहाव्या लागतात. तो त्रास टळावा म्हणून जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००४ साली मार्कडाउन प्रसिद्ध केली. त्याला मदत करणारा ॲरन स्वार्ट्झ तेव्हा अवघ्या १७ वर्षांचा होता. त्याआधी २००२ साली डीन ॲलन यांनी अशीच एक पद्धत काढली होती. तिचे नाव ‘टेक्स्टाईल’! नाव आपल्या धंद्याचे, पण चलन मार्कडाउनचेच अधिक झाले.

मुख्य खुणा

१) शीर्षक : ओळीच्या आरंभी # ही खूण करून एक जागा मोकळी सोडावी. उपशीर्षकासाठी ## करावे.

२) ठळक अक्षर : शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. एकेका ताऱ्याने अक्षर तिरके होते. व्हॉट्सॲपवर एका ताऱ्याने अक्षर ठळक होते. तो फरक ध्यानात ठेवावा.

३) यादी : प्रत्येक ओळीच्या आरंभी आडवी रेघ व एक मोकळी जागा.

४) परिच्छेद : मध्ये एक ओळ कोरी सोडावी. नुसती ओळ बदलून परिच्छेद बदलत नाही.

नमुना असा :

\## सुती कॅम्ब्रिक, कोरे कापड

\*\*पन्हा :\*\* ४४ इंच

\- सूत : ६०×६०
\- रीड-पिक : ९२×८८

धंद्यात सांभाळण्याच्या गोष्टी

सर्वांत मोठा धोका ताऱ्याचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण गुणिलेच्या जागी तारा टाइप करतात : ६०\*६०/९२\*८८. मार्कडाउन या दोन ताऱ्यांना तिरक्या अक्षराची खूण समजते. तारे गडप होतात आणि गिऱ्हाइकापुढे ६०६०/९२८८ असा अर्थहीन आकडा उभा राहतो. सौदा याच आकड्यांवर ठरतो, तेव्हा गुणिलेसाठी × हेच चिन्ह वापरावे. तारा दाखवायचाच असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी.

दुसरी गोष्ट पत्त्याची. दुकानाचा पत्ता चार ओळींत लिहिला, तरी त्या चार ओळी एकमेकींना चिकटून एकच ओळ होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन जागा मोकळ्या सोडल्या की ओळी वेगळ्या राहतात.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. क्रमवार यादीचे आकडे इंग्रजी अंकांत टाकून पुढे टिंब द्यावे. मराठी किंवा उर्दू अंकांना मार्कडाउन यादी मानत नाही.

उर्दू मजकुरातही खूण ओळीत सर्वप्रथम टाइप करावी, मग ती पडद्यावर कोणत्याही बाजूला दिसो. ओळ उजवीकडून डावीकडे चालवणे मात्र मार्कडाउनच्या हातात नाही. ती सोय संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून करून घ्यावी.

तक्त्याची सोय मूळ मार्कडाउनमध्ये नव्हती, ती पुढे इतरांनी जोडली. म्हणून सर्वच ठिकाणी ती चालत नाही. भावपत्रक तक्त्यात द्यायचे असेल तर आधी चाचणी घ्यावी.

संकेतस्थळ बनवायला देताना पहिला प्रश्न हाच विचारावा : मार्कडाउन चालते का? चालत नसेल तरी निराश होण्याचे कारण नाही. ‘पॅनडॉक’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम त्याच फाइलीतून एचटीएमएल बनवून देतो, वर्डची फाइलही बनवतो.

एका जातीच्या मालाची एक फाइल करावी, फाइलीला त्या जातीचेच नाव द्यावे आणि सर्व फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर दुकानात ठेवावी. सुरुवात सर्वांत जास्त खपणाऱ्या दहा जातींपासून केली तरी पुरे. माल आपला आहे, तशी त्याची माहितीही आपल्याच ताब्यात असली पाहिजे.