नावाला साजेसं अक्षर

अगं, चटणी-मसाल्यांच्या पाकिटांसाठी फॉन्ट शोधते आहेस ना? मग ताईचं जरा ऐक. ठळक अक्षर दिसलं की आपण भाळतो, पण निवडताना शाईपेक्षा अक्षराच्या पोटातली पांढरी जागा बघ. ती शिल्लक राहिली तरच नाव वाचता येतं.

'लसूण शेंगदाणा चटणी' एवढंच टाइप कर आणि पाकिटावर येईल त्याच मापात प्रिंट काढ. हातभर लांब धर. 'ण'चे दांडे एकमेकांना चिकटले का? 'शें'वरची मात्रा आणि अनुस्वार यांचा गोळा झाला का? 'सू'चा ऊकार खालच्या ओळीत घुसतोय का? आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार आणि मधे शिरोरेषा. शिरोरेषा जाड झाली की अक्षराचाच श्वास कोंडतो.

मग 'ल' आणि 'श' तपास. शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरला आहे, पण कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. काहींत दोन्ही रूपं असतात. भाषा 'मराठी' निवडलीस की आपली उमटतात. मराठी माणसाच्या डोळ्याला हा फरक लगेच कळतो, म्हणून इथे तडजोड करू नकोस.

आता निवड. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की आत जेमतेम फटी उरतात. एखादा छोटा शब्द मोठा छापायचा असेल तरच तो घे. तुझ्या लांब नावाला नको. त्यांचाच 'बालू' गोलसर, प्रेमळ. घरगुती मालाला शोभेल. 'खंड' अरुंद आहे, लांब मथळा एका ओळीत बसवतो. 'रोझा वन'मध्ये जाड-बारीक फरक फार, त्यामुळे बारीक रेषा छोट्या छपाईत उडतात; तो पोस्टरला ठेव. हे चारही मुक्त परवान्याचे आहेत, विकायच्या पाकिटावर बिनदिक्कत वापर. दुसरा कुठलाही उतरवलास तर परवाना आधी वाच.

आणि ठळक अक्षर एकच, तेही फक्त नावाला. घटक, वजन, किंमत यांना 'मुक्ता'सारखं साधं अक्षर दे. सगळंच मोठ्याने बोलायला लागलं तर नाव ऐकू कसं येणार?

लोगोसाठी मात्र पुढेमागे अक्षरं हाताने काढून घे. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळायचा. तुझ्या नावालाही तसं स्वतःचं वळण मिळायला हवं, इतकी चव तुझ्या हाताला आहे.

दोन-तीन नमुने काढ आणि शेजारच्या आजींना चष्म्याशिवाय वाचायला दे. ज्यावर त्या अडखळणार नाहीत, तोच छापखान्यात पाठव.