काच गंजते का?

टीईच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "काच गंजते का?" मी ताडकन म्हटलं, "नो सर, ग्लास इज इनर्ट." सर नुसते हसले. मार्क गेले ते गेलेच, पण प्रश्न डोक्यात राहिला. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा मित्रांनो, सांभाळून घ्या!

नंतर लायब्ररीत एका पुस्तकात रोमन काचमण्यांचे फोटो सापडले. दोन हजार वर्षं जमिनीत पडलेले मणी, पण मोरपिसासारखे हिरवे, जांभळे, सोनेरी चमकणारे. मला वाटलं, काय भारी रंग द्यायचे हे लोक! पण ही चमक त्या कारागिरांनी दिलेलीच नाही.

त्यांची काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळायला सुमारे 1700 अंश सेल्सिअस लागतात. ते त्यांच्या भट्टीला झेपणारं नव्हतं, म्हणून ते इजिप्तमधला नॅट्रॉन नावाचा नैसर्गिक सोडा घालायचे. काम सोपं झालं, पण मेख तिथेच आहे. जमिनीतली ओल काचेतला सोडियम हळूहळू बाहेर काढते आणि त्याच्या जागी हायड्रोजन जाऊन बसतो. मागे उरतात सिलिकाचे पापुद्रे, कांद्यासारखे एकावर एक. एकेकाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकते.

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतलेले किरण एकत्र येतात. जाडीप्रमाणे काही रंग उठून दिसतात, काही मरतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या ऑइलवर दिसतं, तेच! म्हणून मणी फिरवला की रंग बदलतो. फटींत पाणी शिरलं की चमक मावळते, सुकलं की परत येते. हा साधा रंग असता, तर असं झालं असतं का?

इटलीतल्या अक्विलियाजवळ सापडलेल्या रोमन काचेच्या एका तुकड्यावरचं संशोधन 2023 साली प्रसिद्ध झालं. त्याचे थर चक्क फोटॉनिक क्रिस्टल निघाले. आपण लॅबमध्ये मुद्दाम बनवतो ती रचना मातीने आपोआप केली!

पण एक गोष्ट टोचते. ही चमक म्हणजे मण्याची झीज आहे. जेवढे पापुद्रे, तेवढी मूळ काच कमी. आणि मळ समजून कुणी ते घासून काढले, तर मण्याचा पृष्ठभागच जातो. तो परत आणता येत नाही. मशीन पुसून लख्ख करायची सवय असलेल्या आपण इथे हात आवरायला हवा.

सर, उत्तर बदलतो. काचही गंजते. फक्त लोखंडासारखी तांबडी होत नाही, एवढंच.