चाळकेवाडीचा सरडा

साताऱ्याहून ठोसेघरला जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. वर जांभ्या दगडाचा सडा आहे, आखूड गवत आहे आणि पवनचक्क्या आहेत. वळवाच्या सुमारास तिथं एक सरडा दगडावर चढून बसतो. गळ्याखालचा पंखा उघडतो, मिटतो. पंखा निळा, काळा आणि शेंदरी. मादीला बोलवायचे आणि दुसऱ्या नराला दटावायचे, दोन्ही कामे तो पंख्यानेच करतो.

सरडा दिसला की पोरे धोंडा उचलतात. सरडे सगळे सारखेच, असे आपण समजतो. शास्त्रज्ञही पुष्कळ वर्षे तसेच समजत होते. १८२९ मध्ये क्यूव्हिए नावाच्या फ्रेंच पंडिताने पाँडिचेरीच्या पंखावाल्या सरड्याला नाव दिले. पुढे देशात कुठेही तसा सरडा दिसला की त्याला पाँडिचेरीचेच नाव लावत. १८७० मध्ये जर्डनसाहेबाने दख्खनच्या सरड्याला वेगळे नाव दिले होते, पण ते मागे पडले.

मग हे एक की वेगळे, ओळखायचे कसे? नुसत्या रंगावर जाऊन भागत नाही. एकाच गाईची दोन वासरे दोन रंगांची निघतात.

प्रत्येक जिवाच्या अंगात, अगदी बारीक कणात, एक लांब धागा असतो. त्याला डीएनए म्हणतात. त्यावर आईबापांकडून आलेला मजकूर असतो. आपण बाराखडी शिकलो, केवढी अक्षरे घोटावी लागली! या लिपीत अक्षरे फक्त चार. सरड्याच्या शेपटीच्या एवढ्याशा तुकड्यातून हा मजकूर वाचता येतो.

हा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या उतरवला जातो. उतरवताना एखादे अक्षर चुकते. दोन ठिकाणच्या सरड्यांत सोयरिक चालू असेल तर ती चूक इकडून तिकडे पसरते. सोयरिक तुटली की इकडच्या चुका इकडे आणि तिकडच्या तिकडे साठत जातात.

आता हद्द कशी शोधतात ते बघा. जागोजागच्या सरड्यांचे मजकूर शेजारी ठेवायचे, फरक मोजायचा आणि नकाशावर मांडायचा. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. साताऱ्याहून जतला चालत निघालो तर बोली हळूहळू बदलते. अमुक बांधावर बदलली असे दाखवता येत नाही. सरड्यांतही जेवढे अंतर तेवढा फरक असला, तर मध्ये हद्द नाही. पण जागा जवळ असून फरक एकदम उडी मारत असेल, तर तिथे हद्द आहे. मधल्या गावांचे नमुने घेतलेच नाहीत, तर हळू बदलही उडीसारखा दिसतो. म्हणून घाई करून चालत नाही.

आपल्याकडची जमीन तर बघा कशी आहे! महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस, आणि माण, आटपाडीकडे वीस इंचांच्या आसपास. इकडे दाट रान, तिकडे उघडा माळ. हा सरडा उघड्यावरचा. दाट रानाची दरी म्हणजे त्याला पूर आलेली कृष्णाच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. दीपक, प्रवीण कारंथ, आपल्याकडचे वरद गिरी आणि त्यांचे सोबती यांनी अंगाची मापे घेतली आणि मजकूरही वाचला. २०१६ मध्ये त्यांनी सांगितले की त्या एका नावाखाली पुष्कळ जाती दडल्या होत्या. पाच जाती तर अगदी नव्या निघाल्या, आणि एक नवे कूळही. कुळाला नाव दिले 'सरडा'! आपलाच मराठी शब्द. आम्हाला हे फार आवडले. दख्खनचे जुने नावही परत आले. चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा', म्हणजे देखणा सरडा.

पूर्वी कुणी म्हटले असते, पठारावरचे सरडे संपले तर काय बिघडले, पाँडिचेरीपर्यंत आहेतच की. आता तसे म्हणता येत नाही. खालचे सरडे वर नेऊन सोडले तरी ते हे नव्हेत.

२०१८ मध्ये मारिया ठाकर आणि त्यांच्या सोबत्यांनी याच पठारावरची पाहणी छापली. पवनचक्क्यांपाशी ससाणे, घारी अशा शिकारी पक्ष्यांची ये-जा जवळजवळ चौथाईवर आलेली होती. खाणारा कमी, म्हणून सरडे वाढले. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनात. पण गर्दी झाल्याने ते अंगाने रोडावले होते, आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला होता.