हेरकथा वाचणारी मुलं आणि संशयाचा धडा



मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत माझ्या पाचवीच्या वर्गातली तीन मुलं एक वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने ‘अत्यंत गुप्त’ असं लिहिलेलं. आत एका माणसाच्या तीन दिवसांच्या नोंदी होत्या.

सोमवार, ९.४०. देवळाच्या पारावर बसला. फोनवर वेगळ्या भाषेत बोलला.
मंगळवार, ११.१५. शाळेच्या कुंपणाजवळ थांबला. शाळेकडे बघितलं.
बुधवार, १०.००. पिशवी बदलली.

“मॅडम, तो हेर आहे. आम्ही पाठलाग केलाय,” एकजण हळू आवाजात म्हणाला.

तो माणूस म्हणजे हिवाळा सुरू झाला की चादरी आणि ब्लँकेटं घेऊन गावोगाव फिरणारा परप्रांतीय फेरीवाला. मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. वेळ, ठिकाण, कृती, सगळं कसं नेमकं लिहिलेलं! एरवी हीच मुलं निबंधाच्या पाच ओळी लिहायला कंटाळतात. वर्गाच्या पुस्तकपेटीत मीच हेरकथा आणि साहसकथा आणून ठेवल्या होत्या, त्याचं हे फळ असं मला वाटलं.

संध्याकाळी मात्र पोटात गोळा आला. त्यातल्या एका मुलाच्या मोठ्या भावाने त्या माणसाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. खाली ओळ होती, ‘शाळेच्या मुलांवर नजर ठेवणारा संशयित, सावध राहा.’ अर्ध्या तासात तो फोटो शेजारच्या दोन गावांत पोहोचला होता. मी त्या मुलाच्या घरी गेले, पोलीस पाटलांना फोन केला, फोटो काढायला लावला आणि ‘हे गृहस्थ फेरीवाले आहेत, दरवर्षी येतात’ असा खुलासा टाकायला लावला. सुदैवाने पुढे काही झालं नाही.

पण काय होऊ शकतं, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातले लोक होते. त्या दिवसांत मोबाईलवरून अफवा फिरत होत्या आणि नुसता संशय पुरेसा ठरला.

दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, “असली पुस्तकं पेटीतून काढूनच टाका.” मला ते पटलं नाही. पुस्तक काढलं म्हणून संशय जात नाही, तो मोबाईलमधून येतोच. उलट हेरकथा नीट वाचली तर संशय तपासायचा कसा, हे तिच्यातूनच शिकवता येईल असं मला वाटलं. त्यासाठी मी दोन जुन्या इंग्रजी पुस्तकांचा आधार घेतला. त्यांची आणि त्यांच्या वाचकांची गोष्ट आधी सांगते.

एक पुस्तक आणि घाबरलेले वाचक

पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडमध्ये विल्यम ल क्यू नावाचा लोकप्रिय लेखक होता. १९०६ साली त्याची जर्मनीच्या इंग्लंडवरील हल्ल्याची काल्पनिक कथा ‘डेली मेल’ या दैनिकात क्रमशः छापली गेली. जाहिरातीसाठी लंडनच्या रस्त्यांवर जर्मन सैनिकांचा गणवेश घातलेली माणसं फिरवली होती. गंमत म्हणजे कथेतलं शत्रूचं सैन्य कोणत्या गावांतून जाणार, हे ठरवताना त्या दैनिकाचा खप कुठे वाढेल याचा विचार झाला होता!

मग १९०९ मध्ये त्याचं ‘स्पाइज ऑफ द कैसर’ हे पुस्तक आलं. इंग्लंडभर जर्मन हेर पसरलेत, साध्यासुध्या धंद्यांच्या आडून ते माहिती गोळा करतात, अशा त्यातल्या कथा. हे सगळं सत्यावर आधारलेलं आहे असा लेखकाचा दावा. ज्या साप्ताहिकात या कथा येत होत्या त्याने वाचकांना आवाहन केलं की हेरांची माहिती कळवा, १० पौंड मिळतील.

मग काय, पत्रांचा पाऊस पडला. कुणाला फोटो काढणारा परदेशी माणूस दिसला, कुणाला रस्ता विचारणारा. ल क्यूने आपल्याकडची पत्रं लष्करी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी जेम्स एडमंड्स यांच्याकडे दिली. तशाच गोष्टी पुरावा म्हणून सरकारी समितीपुढे गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचा गुप्तचर विभाग सुरू झाला. आज आपण सिनेमात ज्यांची नावं ऐकतो त्या एमआय-५ आणि एमआय-६ या संस्था त्यातूनच पुढे आल्या.

म्हणजे हेर नव्हतेच का? होते. जर्मनीचे काही हेर इंग्लंडमध्ये खरोखर काम करत होते. युद्धकाळात लंडनच्या टॉवरमध्ये ११ हेरांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. पण पुस्तकात होती तशी गल्लोगल्ली पसरलेली हेरांची फौज कधीच सापडली नाही. त्रास झाला तो वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या साध्या जर्मन माणसांना. मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, तेव्हा लंडन, लिव्हरपूल अशा शहरांत जमावाने जर्मन नावांची दुकानं फोडली. त्यात पाव भाजून विकणाऱ्यांची दुकानंसुद्धा होती. एका पुस्तकामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याकडे हेर म्हणून बघायची सवय अशा पुस्तकांनी लावली होती, एवढं नक्की.

सगळेच वाचक मात्र घाबरले नाहीत. १९०९ मध्येच पी. जी. वुडहाउस यांनी ‘द स्वूप’ नावाचं छोटं विनोदी पुस्तक लिहिलं. त्यात इंग्लंडवर एकदम नऊ सैन्यं चाल करून येतात आणि एक बालवीर स्काउट देशाला वाचवतो! एकाच प्रकारच्या कथा वाचून कुणी पोलिसांना पत्र लिहितो, कुणी खो-खो हसतो. वाचक तितके प्रतिसाद.

दुसरं पुस्तक आणि विचार करणारा नायक

१९१५ मध्ये जॉन बकन यांची ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’, म्हणजे ‘एकोणचाळीस पायऱ्या’, ही छोटी कादंबरी आली. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ती लिहायला घेतली होती. खंदकांत लढणाऱ्या सैनिकांनीही ती आवडीने वाचली. पुढे १९३५ साली हिचकॉक यांनी तिच्यावर सिनेमा काढला. ती आता कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे मोफत मिळते. तिची प्रकरणं बरोबर दहा आहेत. मी शेवटच्या तासाला रोज एक प्रकरण आपल्या मराठीत सांगितलं. दहा दिवस एकही मूल गैरहजर नव्हतं!

कथा थोडक्यात अशी. रिचर्ड हॅने हा आफ्रिकेतून परतलेला खाण अभियंता. लंडनमध्ये त्याच्याकडे स्कडर नावाचा माणूस आसरा मागतो आणि एका मोठ्या कटाची गोष्ट सांगतो. काही दिवसांनी त्याच घरात स्कडरचा खून होतो. पोलीस आपल्यालाच पकडणार हे ओळखून हॅने दूधवाल्याचा पांढरा अंगरखा आणि टोपी घालून निसटतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पोलीसही मागे आणि हेरही मागे. एकदा तर तो रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुराच्या वेशात उभा राहतो. ती जागा ऐकताना मुलं श्वास रोखून बसली होती.

पण मला शिकवायच्या होत्या त्या तीन वेगळ्या जागा.

पहिली जागा : तिसऱ्या प्रकरणातला तरुण खानावळवाला. त्याला साहसकथांचं वेड. हॅने त्याला हिऱ्यांची आणि मागे लागलेल्या टोळीची बनवलेली गोष्ट सांगतो. तो लगेच विश्वास ठेवतो. का? तर ती त्याने वाचलेल्या पुस्तकांसारखी वाटते म्हणून! मी मुलांना विचारलं, “गोष्ट खरी होती का?” “नाही!” “मग त्याला खरी का वाटली?” जरा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, “मॅडम, त्याला तशीच गोष्ट पाहिजे होती.” मी फळ्यावर हे वाक्य लिहिलं आणि दहा दिवस पुसलं नाही.

दुसरी जागा : स्कडर सुरुवातीला सगळ्या कटाचा दोष ज्यू लोकांवर टाकतो. पुढे हॅने त्याच्या वहीतली सांकेतिक लिपी सोडवतो तेव्हा कळतं, की त्याने तोंडी सांगितलेलं बरंचसं खरं नव्हतं. नंतर एक वरिष्ठ अधिकारीही सांगतो की स्कडरच्या मनात त्या लोकांविषयी पूर्वग्रह होता. आजच्या अनेक वाचकांना हा भाग खटकतो आणि तो खटकायलाच हवा. मी तो गाळला नाही, मुलांना समजेल इतकाच सांगितला. एखादा माणूस काही बाबतीत खरं बोलत असेल, तरी अख्ख्या समाजाबद्दल तो बोलतो ते खरं असेलच असं नाही.

तिसरी जागा : शेवट. समुद्रकाठी उतरणाऱ्या ३९ पायऱ्या आणि रात्री १० वाजून १७ मिनिटांची भरती, एवढ्या खुणेवरून हॅने एका बंगल्यापर्यंत पोहोचतो. तिथे तीन सभ्य माणसं टेनिस खेळतायत, रात्री जेवतायत, गप्पा मारतायत. हॅने आरोप करतो तर ते गोंधळून जातात, अगदी खऱ्यासारखे. त्याला वाटतं, आपण चुकलो, भलत्याच लोकांना धरलं. तो त्यांच्याबरोबर पत्ते खेळायला बसतो आणि नुसता बघत राहतो. मग त्यातला वयस्कर माणूस विचार करताना गुडघ्यांवर बोटं वाजवतो. ही लकब हॅनेने शत्रूच्या तावडीत सापडला असताना जवळून पाहिलेली असते. तेव्हा कुठे त्याची खात्री पटते.

इथे थांबून मी विचारलं, “हॅनेने सगळ्यात शूर काम कोणतं केलं?” बहुतेकांनी पळून जाण्याचे प्रसंग सांगितले. वही घेऊन आलेल्या तिघांपैकी एकजण म्हणाला, “त्याला वाटलं आपण चुकलो असू, तरी तो पळाला नाही आणि ओरडलापण नाही. बघत बसला.”

मला हेच हवं होतं. ल क्यूचं पुस्तक वाचकाला सांगतं, तुझा संशय बरोबरच आहे. बकनचा नायक स्वतःच्याच संशयावर संशय घेतो. संशय येणं सोपं असतं, तो तपासायला शिकवावं लागतं.

वर्गात घेतलेला उपक्रम

मुलांची ती ‘अत्यंत गुप्त’ वही मी जप्त केली नाही. त्याच नोंदी फळ्यावर चार रकान्यांत मांडल्या : काय दिसलं, आम्हाला काय वाटलं, दुसरं कारण काय असू शकेल, खात्री कशी करायची.

‘शाळेकडे बघितलं’ हे दिसलं. ‘मुलांवर नजर ठेवतो’ हे वाटलं. दुसरं कारण काय? मुलांनी भराभर सांगितलं : नळ शोधत असेल, सावली शोधत असेल, त्याचीपण मुलं शाळेत जात असतील. खात्री कशी करायची? यावर वर्ग गप्प झाला. मग मागून आवाज आला, “त्यांनाच विचारू की!”

हा उपक्रम तुमच्या वर्गात घ्यायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. अनोळखी माणसाशी एकट्याने बोलायला मुलांना पाठवू नका, शिक्षक किंवा पालक सोबत हवेतच. आणि मुलांना खरंच कुणाची भीती वाटत असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. मोठ्यांना सांगणं बरोबरच आहे. फोटो पसरवणं चूक आहे.

पालकांनाही एक विनंती. मूल हेरकथा वाचत असेल तर रागावू नका, त्याच्याशी त्यावर बोला. ‘तुला कधी कळलं की तोच चोर आहे? कशावरून?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. आणि आपल्या मोबाईलवर ‘संशयित’ असा फोटो आला की तेच दोन प्रश्न आधी स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका, पोलिसांना कळवा.

पंधरा दिवसांनी तो फेरीवाला परत गावात आला. पाणी प्यायला शाळेत आला, तेव्हा मी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि मुलांना बोलावलं. मुलांनी हिंदीत प्रश्न विचारले. गाव कोणतं, इतक्या लांब का येता, घरी कोण आहे. त्याची मुलगी चौथीत होती. फोनवर तो तिच्याशीच बोलायचा.

संध्याकाळी मुलांनी वही आणून दाखवली. ‘बुधवार, पिशवी बदलली’ या नोंदीसमोर चौथ्या रकान्यात निळ्या पेनने लिहिलं होतं : ‘विचारलं. पहिल्या पिशवीचा बंद तुटला होता.’