चॅलेंजर जहाजाची सागरयात्रा

समुद्रावर मनुष्य फार प्राचीन काळापासून संचार करीत आला आहे. किनारे, बेटे आणि वारे यांचे ज्ञान खलाशांनी पिढ्यानुपिढ्या मिळविले. परंतु खोल समुद्राच्या तळाशी काय आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ कोणासच ठाऊक नव्हते. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाचे मत असे होते, की तीनशे वावांच्या, म्हणजे सुमारे ५५० मीटरांच्या खाली एकही प्राणी जगत नसावा. तेथे सूर्याचा प्रकाश नाही, वनस्पती नाहीत आणि पाण्याचा दाब तर अफाट! मग जीव जगणार कसा? पुढे काही खोल ठिकाणांहून प्राणी वर आले आणि या मताविषयी शंका उत्पन्न झाली. वाद मिटविण्याचा मार्ग एकच होता : प्रत्यक्ष जाऊन पाहणे.

लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून ब्रिटिश आरमाराने या कामासाठी ‘चॅलेंजर’ हे जहाज दिले. शिडे आणि वाफेचे इंजिन अशी दोन्ही साधने असलेले हे लढाऊ जहाज १८५८ साली पाण्यात उतरले होते. आता त्यावरील दोन सोडून बाकीच्या तोफा काढण्यात आल्या आणि त्या जागी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. दारूगोळ्याऐवजी सूक्ष्मदर्शक यंत्रे, तापमापके, रसायने आणि मद्यार्काने भरावयाच्या असंख्य बरण्या जहाजावर आल्या. शेकडो किलोमीटर लांबीचा तागाचा दोरही बरोबर घेण्यात आला. चार्ल्स वायव्हिल थॉमसन हे शास्त्रज्ञांचे प्रमुख होते, तर जॉर्ज नेअर्स हे कप्तान होते. २१ डिसेंबर १८७२ रोजी जहाजाने इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ बंदर सोडले.

ठरलेल्या ठिकाणी पोहोचताच शिडे गुंडाळीत आणि इंजिनाच्या साहाय्याने जहाज एका जागी स्थिर ठेवीत. मग खोली मोजण्याची नळी दोराने खाली सोडीत. तिच्याभोवती लोखंडी वजने अडकविलेली असत. तळाला टेकताच ती वजने आपोआप सुटून पडत आणि हलकी झालेली नळी तळाचा चिखल घेऊन वर येई. दोरावरील खुणांवरून खोली कळे. दोरास बांधलेली तापमापके निरनिराळ्या खोलीवरील उष्णतामान दाखवीत आणि विशेष प्रकारच्या बाटल्यांतून खालचे पाणी वर आणले जाई. शेवटी तळ खरवडणारी जाळी सोडीत. एवढ्या लांबीचा दोर वर ओढण्यास लहान वाफेचे इंजिन असूनही कित्येक तास लागत. हे काम ३६२ ठिकाणी करण्यात आले.

काम कष्टाचे होते, तसेच धोक्याचेही होते. १८७३ साली दोराच्या ताणाने एक लोखंडी कप्पी निखळली आणि तिच्या आघाताने एक तरुण खलाशी मृत्यू पावला. त्याच त्याच कामाला कंटाळून अनेक खलाशी बंदराबंदरांत जहाज सोडून गेले. तरीही मोहीम थांबली नाही. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिक महासागरात दोर ४,४७५ वाव, म्हणजे ८,१८४ मीटर खाली गेला. तेथील दाबाने काही तापमापके फुटून गेली! या जहाजावरूनच तेथील सर्वांत खोल जागेस पुढे ‘चॅलेंजर डीप’ हे नाव मिळाले.

फोर्ब्सच्या मताचे काय झाले? पाच किलोमीटरपेक्षाही अधिक खोलीवरून जाळ्यात प्राणी आले. अंधार, थंडी आणि दाब यांनी जीवनाला अडविले नव्हते.

आणखी एक समजूतही या प्रवासात तपासली गेली. तळाच्या जुन्या नमुन्यांत टॉमस हक्स्ली या थोर शास्त्रज्ञास एक चिकट पदार्थ दिसला होता. तो अगदी साधा सजीव असावा, असे त्यांनी १८६८ साली जाहीर केले होते. चॅलेंजरवरील रसायनशास्त्रज्ञ जॉन बुकॅनन यांना ताज्या चिखलात तो आढळेना. समुद्राच्या पाण्यात मद्यार्क मिसळला, की मात्र तो दिसू लागे. तो सजीव नव्हे, तर कॅल्शियम सल्फेट नावाचा क्षार होता! ही गोष्ट कळताच हक्स्ली यांनी आपली चूक १८७५ साली जाहीरपणे मान्य केली. त्यांच्या कीर्तीला त्यामुळे उणेपणा आला नाही.

२४ मे १८७६ रोजी सुमारे १,२७,५०० किलोमीटरांचा प्रवास करून चॅलेंजर मायदेशी परतले. त्याच्या शोधांचा अहवाल ५० खंडांत प्रसिद्ध झाला. पूर्वी अज्ञात असलेले सुमारे ४,७०० जातींचे जीव जगाला माहीत झाले. जाळ्यात आलेल्या काळ्या गोळ्यांत मँगनीज धातू आढळला. अशाच गोळ्यांचे पहिले नमुने भारताच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून वर काढले. हे जहाज गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे होते.

१९२१ साली चॅलेंजर मोडीत निघाले. पण त्याने घालून दिलेला धडा मोडीत निघाला नाही. मत कितीही मोठ्या माणसाचे असो, ते पडताळून पाहावे. आणि चुकीचे ठरल्यास मोकळ्या मनाने सोडून द्यावे.

प्रश्न

१. खोल समुद्रात प्राणी नसावेत, असे फोर्ब्स यांना का वाटत होते?
२. समुद्राची खोली कशी मोजीत, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. बुकॅनन यांनी हक्स्ली यांची समजूत कशी पडताळून पाहिली?
४. चूक मान्य केल्याने मनुष्य लहान होत नाही, हे या पाठाच्या आधारे स्पष्ट करा.