मोडलेल्या मनगटापाशी थांबू नका

स्की पॅट्रोलमध्ये स्वयंसेवक व्हायचे म्हटले की बहुतेकांना काळजी असते ती स्वतःच्या स्कीइंगची. कडक झालेल्या बर्फावरून माणूस घातलेली टोबोगन खाली नेता येईल का, ही धाकधूक रास्तच आहे. पण ती कला सरावाने येते, आणि आली की नाही हे त्याच दिवशी कळते. आउटडोअर इमर्जन्सी केअरच्या प्रशिक्षणाचे तसे नाही. त्यात काय कच्चे राहिले ते प्रसंग ओढवल्यावरच उघडे पडते. व्हरमाँटमधल्या एका डोंगरावर मी बरेच हिवाळे शनिवार-रविवार हे काम करतो आहे. इथे वाढलेली मराठी मुले आता त्याबद्दल विचारू लागली आहेत, म्हणून हे लिहितो.

उमेदवारीच्या हिवाळ्यात, मी ज्येष्ठ पॅट्रोलरांबरोबर फिरत असताना, रेडिओवर ‘टेन-फिफ्टी’ आले. आमच्याकडे अपघाताचा हा संकेत. विशीतला एक स्नोबोर्डर कडेच्या झाडावर आदळला होता. मनगट उघड दिसावे इतके वाकडे झालेले. मुलगा शुद्धीवर होता, नीट बोलत होता, ‘फक्त हात, बाकी काही नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत होता. पडताना हात टेकतो, त्यामुळे स्नोबोर्डवाल्यांची मनगटे मोडतातच. सगळ्यांच्या नजरा तिथेच खिळल्या.

आमच्यातल्या सर्वांत अनुभवी बाई मात्र डोक्यापासून तपासत निघाल्या. मान, छाती, मग जॅकेटची चेन उघडून पोट. डाव्या बरगड्यांखाली हात लागताच तो कळवळला. डावा खांदा दुखतो का, त्यांनी विचारले. दुखत होता, आणि खांद्याला तर काहीच लागलेले नव्हते. प्लीहा फाटून पोटात रक्त साठू लागले की ते श्वासपटलाला डिवचते आणि कळ डाव्या खांद्यात उमटते. त्यांनी नाडी मोजली, थोड्या वेळाने परत मोजली. वेग वाढत चालला होता. मनगटाला झटपट स्प्लिंट, ऑक्सिजन, ब्लँकेट आणि टोबोगन. आम्ही पायथ्याशी पोचायच्या आधी अँब्युलन्स तिथे उभी होती. पुढे तो मुलगा भेटायला आला तेव्हा कळले की खरोखरच प्लीहा फाटली होती.

नव्यांना मी हाच प्रसंग सांगतो. जी जखम आधी दिसते ती अनेकदा सर्वांत कमी धोक्याची असते. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, हा क्रम वर्गात रटाळ वाटतो; तो इतका घोटा की कोणी किंचाळत असतानाही हात आपोआप त्याच वाटेने जातील. आणि ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर तपासणी संपवू नका. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये क्वेबेकच्या माँ-ट्रॉम्ब्लाँ येथे शिकाऊ उतारावर पडल्या. हेल्मेट नव्हते. त्या बोलत-चालत होत्या, त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली; कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी त्या गेल्या. मदत नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण डोक्याला मार लागलेल्याला धोक्याची लक्षणे समजावून सांगणे आणि त्याला एकटे न सोडणे आपल्या हातात असते.

स्की पॅट्रोलचा जन्मच अशा हालांतून झाला. १९३६ च्या सुरुवातीला स्टो येथे मिनी डोल यांचा घोटा मोडला आणि मित्रांनी त्यांना छपराच्या पत्र्यावर घालून खाली आणले. त्यांतलेच फ्रँक एडसन काही आठवड्यांनी एका शर्यतीत दगावले. १९३८ मध्ये डोल यांनी नॅशनल स्की पॅट्रोल उभारली. तरी स्की पॅट्रोलसाठी खास बेतलेला आजचा अभ्यासक्रम बराच उशिरा आला, डॉ. वॉरन बोमन यांच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९८८ ची.

अभ्यासक्रम शंभरेक तासांचा असतो, जागेनुसार कमी-जास्त. त्यातला जमेल तेवढा सराव उघड्यावर करा. वर्गात जमिनीवर बसून मांडीच्या हाडाला ट्रॅक्शन स्प्लिंट लावणे आणि उणे १५ अंशांत, वाऱ्यात, घसरत्या उतारावर गुडघे रोवून लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. चिकटपट्टी चिकटत नाही. बॉलपेनची शाई थिजते, म्हणून खिशात पेन्सिल हवी. नायट्राइलचे हातमोजे जाड मोज्यांच्या आत आधीच घाला. गारठलेल्या बोटांवर ते चढत नाहीत. पिसांचे जॅकेट कात्रीने कापले तर पिसे सगळीकडे उडतात, तेव्हा शक्य तिथे चेन उघडा आणि तपासून झाले की लगेच झाका.

झाकणे हाही उपचारच आहे. बर्फावर पडलेल्या माणसाची ऊब पाठीतून झरझर जाते, आणि गारठलेल्या शरीरात रक्त नीट साकळत नाही. म्हणून पांघरुणाइतकेच अंगाखाली काहीतरी सरकवणे महत्त्वाचे. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटते आहे असे समजू नका. गारठा खोल गेल्याची ती खूण असू शकते. अशा माणसाला अलगद हलवा, धसक्याने हृदयाची लय बिघडू शकते. आणि या सगळ्याच्या आधी, वरच्या बाजूला बर्फात दोन स्की फुलीसारख्या रोवा, नाहीतर पुढचा स्कीअर तुमच्यावरच येऊन आदळेल.

एकदा परीक्षा झाली म्हणजे सुटलो, असे नाही. उजळणी दरवर्षी असते आणि तीन वर्षांत सगळा अभ्यासक्रम पुन्हा होतो. मला ही अट फार योग्य वाटते. जी दुखापत क्वचित दिसते तिचे उपचार हात सर्वांत आधी विसरतात.

बहुतेक डोंगरांवर उमेदवारांचे वर्ग उन्हाळा सरता सरताच सुरू होतात. बर्फ पडल्यावर चौकशी केलीत तर वर्ष वाया जाईल. तुमच्या जवळच्या पॅट्रोलला जुलैतच विचारा.